फेर कोणाभोवती? : केटे कोल्विट्झ यांचे ‘कार्मान्योल’

‘कार्मान्योल’ हे जर्मन चित्रकर्ती केटे कोल्विट्झ यांचे १९०१ सालचे मुद्राचित्र आहे. त्याची उंची साठ सेंटीमीटरच्या थोडी आत आणि रुंदी चाळिशीच्या आसपास आहे, म्हणजे भिंतीवर टांगून लांबून पाहण्यापेक्षा टेबलावर ठेवून, वाकून, एकेक इंच पाहावे अशा मापाचे हे काम आहे. उंच घरांनी दोन्ही बाजूंनी दाबून धरलेल्या एका अरुंद गल्लीत बायकांचा घोळका गिलोटिनभोवती नाचतो आहे, त्यांचे उघडे हात वर गेले आहेत आणि एक पोरगा ढोल बडवतो आहे, एवढाच त्याचा विषय. ‘गिलोटिनभोवतीचा नाच’ या दुसऱ्या नावानेही ते ओळखले जाते, आणि ते नाव अधिक सरळ असले तरी पहिले नाव अधिक अर्थपूर्ण आहे, कारण त्यात एक गाणे, एक नाच आणि एक अंगरखा असे तीन संदर्भ एकत्र आले आहेत. बायकांचा समूह हा युरोपीय चित्रकलेचा शतकानुशतकांचा आवडता विषय. परंतु समूह नुसता दाखवणे निराळे आणि समूह एकत्र कसा येतो, कशाभोवती येतो आणि त्याचे तोंड कुणीकडे असते याचा विचार चित्रातूनच करणे निराळे. कोल्विट्झ यांच्या या एका पत्र्यावर तो विचार दिसतो, आणि पुढे वीस वर्षांनी त्यांनी तोच विचार उलटा करून पुन्हा मांडला.

चित्राकडे वळण्यापूर्वी ते कसे घडते हे पाहणे आवश्यक आहे, कारण अम्लरेखनात काय दिसते हे ते कसे केले जाते यावरच अवलंबून असते. अम्लरेखन म्हणजे ज्याला स्टुडिओत सर्रास ‘एचिंग’ म्हटले जाते ते तंत्र. तांब्याच्या किंवा जस्ताच्या घासूनपुसून चकचकीत केलेल्या पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर चढवला जातो आणि त्या थरावर टोकदार सुईने रेघ ओढली, की तेवढ्या रेघेपुरता धातू उघडा पडतो. मग तो पत्रा तेजाबात बुडवला, की मेण झाकलेल्या भागाचे रक्षण करते आणि उघड्या रेघा तेजाब खात जाते. जितका वेळ पत्रा तेजाबात राहील तितकी रेघ खोल जाते, आणि जितकी ती खोल तितकी छापताना काळी उमटते. थर पुसून काढल्यावर पत्र्यावर शाई चोपडतात, जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताच्या कडेने पृष्ठभाग पुसून घेतात, त्यामुळे शाई फक्त रेघांच्या खाचांत उरते. मग ओलसर कागद वर ठेवून, त्यावर जाड लोकरी नमदा घालून, सारे दोन रुळांमधून दाबून काढले, की कागद खाचेत शिरून शाई उचलतो. म्हणून अम्लरेखनातली रेघ कागदावर नुसती उमटत नाही, ती बोटाला किंचित उंच लागते. आणि पत्र्यावरचे सारे कागदावर उलटे येते, डावे ते उजवे होते, ही गोष्ट सुई हातात असतानाच मनात धरावी लागते.

या मूळ पद्धतीला कोल्विट्झ यांनी दोन जोड दिल्या. एक ड्रायपॉइंटची, म्हणजे तेजाब न वापरता सुईने थेट धातू खरवडण्याची. सुई जाते तेव्हा नांगराच्या फाळाने माती बाजूला उकरावी तशी धातूची बारीक कड रेघेच्या काठावर उभी राहते, ती शाई धरून ठेवते आणि छापल्यावर रेघेला मखमली काठ येतो. दुसरी जोड अॅक्वाटिंटची : पत्र्यावर राळेची बारीक पूड चाळून, ती तापवून चिकटवतात आणि मग पत्रा तेजाबात सोडतात, कणाकणांच्या मधल्या सूक्ष्म फटी खाल्ल्या जातात आणि रेघ नसलेली, नुसत्या छटेची राखाडी पट्टी तयार होते. ‘कार्मान्योल’मध्ये ही तिन्ही तंत्रे आहेत आणि त्यांची कामे वाटून दिलेली आहेत. अॅक्वाटिंटने गल्लीतली हवा धरली आहे, घरांच्या भिंतींवरून खाली उतरणारी ती काजळी छटा. रेघेने माणसे धरली आहेत, दंडांचे स्नायू, मनगटांची हाडे, चोळामोळा झालेले कपडे. घरे आणि बायका ही एकाच काळ्याची दोन वेगळी रूपे आहेत हे डोळ्याला आधी कळते आणि बुद्धीला नंतर.

आता त्या नावाकडे. कार्मान्योल हा मुळात एक आखूड अंगरखा. वायव्य इटलीतील कार्मान्योला या गावच्या मजुरांनी तो दक्षिण फ्रान्समध्ये आणला असे मानले जाते, आणि क्रांतीच्या काळात कष्टकऱ्यांच्या पेहरावाचा तो भाग बनला. १७९२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या राजवाड्यावर जमाव चालून गेला, राजसत्ता कोसळली, आणि त्याच दिवसांत हे नाव एका गाण्याला आणि त्या गाण्यावरच्या नाचाला मिळाले. गाणे राणी मारी आंत्वानेतची टर उडवणारे होते, तिला नकाराधिकार वापरणाऱ्या नवऱ्यावरून ‘मादाम व्हेटो’ म्हणून चिडवणारे. आणि नाच फेर धरण्याचा. हात हातांत घेऊन गोल फिरायचे, पाय आपटायचे, मग वेग वाढवायचा. मराठी वाचकाला फेराची कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. हादग्याच्या वा भोंडल्याच्या दिवसांत पाटावर हत्ती काढून त्याभोवती मुली-बायका फिरतात, आणि त्या गाण्यांतही सासरच्या माणसांची यथेच्छ टिंगल असते. साम्य येथेच संपते, ते पुढे ताणण्यात अर्थ नाही. पण फेराच्या मध्ये काय ठेवले आहे यावर फेराचा अर्थ ठरतो, हे कळण्यासाठी तेवढे पुरे. पाटावर हत्ती असेल तर तो सण, आणि मध्ये डोके उडवण्याचे यंत्र असेल तर काय, हा प्रश्न कोल्विट्झ यांनी विचारला आहे आणि त्याचे सोपे उत्तर देण्याचे टाळले आहे.

गिलोटिनचा पहिला वापर १७९२ च्या एप्रिलमध्ये झाला. क्रांतीत स्त्रियांचा वाटा त्याआधीपासूनचा : १७८९ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावाच्या टंचाईला कंटाळून व्हर्सायवर चालून गेल्या होत्या आणि राजाला त्यांनी पॅरिसला आणले होते. चार वर्षांनी, १७९३ च्या ऑक्टोबरअखेर, क्रांतीच्याच राष्ट्रीय सभेने स्त्रियांच्या राजकीय मंडळांवर बंदी घातली, आणि त्यानंतर काही दिवसांतच स्त्री-हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलँप द गूज यांना गिलोटिनवर चढवण्यात आले. १७९५ च्या मे महिन्यात, पावासाठी झालेल्या उठावानंतर, बायकांनी घरात राहावे आणि रस्त्यावर पाचांहून अधिक जणी एकत्र दिसल्यास त्यांना बळाने पांगवावे असा हुकूम निघाला. जमावबंदी हा शब्द मराठी माणसाला कलमाच्या आकड्यासकट तोंडपाठ असतो; परंतु जमाव केवळ बायकांचा आहे म्हणून तो गुन्हा ठरवणारी जमावबंदी ही वेगळी चीज आहे. हे ध्यानात घेतले, की कोल्विट्झ यांच्या गल्लीतल्या बायका मोजण्याची इच्छा होते. त्या पाचांहून पुष्कळ अधिक आहेत.

ही फ्रान्समधली शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट असे म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण चित्र बर्लिनमध्ये झाले आणि बर्लिनमधला कायदा तेव्हा फारसा वेगळा नव्हता. प्रशियाच्या १८५० च्या संघटनाविषयक कायद्याने स्त्रियांना, विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ कामगारांना एका ओळीत बसवून राजकीय संघटनांचे सभासद होण्यास आणि त्यांच्या सभांना हजर राहण्यास मनाई केली होती, आणि ही मनाई १९०८ पर्यंत कायम होती. मधल्या काळात सभागृहात वेगळ्या आखून दिलेल्या जागेत गप्प बसून ऐकण्याची सवलत तेवढी मिळाली. पती डॉक्टर, घर समाजवादी विचारांचे, मित्रमंडळी सोशल डेमोक्रॅटिक पक्षाची, तरी १९०१ मध्ये कोल्विट्झ यांना त्या पक्षाचे सभासद होता येत नव्हते. कलेच्या क्षेत्रातही बर्लिनच्या अकादमीच्या शाळेत मुलींना प्रवेश नव्हता. तो १९१९ मध्ये मिळाला, आणि त्याच वर्षी कोल्विट्झ प्रशियन कला अकादमीच्या सभासद म्हणून निवडल्या जाणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. (१९३३ मध्ये नाझींनी त्यांना तेथून राजीनामा द्यायला लावला, हे ओघाने आले.) तेव्हा बायकांचा घोळका रस्त्यावर आहे, एवढेच दाखवणे हे १९०१ च्या बर्लिनमध्ये निरुपद्रवी विधान नव्हते. क्रांतीचा वेष चढवून हे विधान कोल्विट्झ यांनी करून घेतले, असे म्हणणे फारसे धाडसाचे ठरू नये.

चित्राची प्रेरणा चार्ल्स डिकन्स यांच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या १८५९ च्या कादंबरीतून आली. त्या कादंबरीच्या तिसऱ्या भागात लुसी नावाची नायिका तुरुंगाच्या भिंतीजवळच्या कोपऱ्यावर उभी असताना कार्मान्योल नाचणारा जमाव वळणावरून येतो, तिला वेढतो आणि निघून जातो. डिकन्स यांनी तो नाच लिहिला आहे तो घाबरलेल्या नायिकेच्या डोळ्यांतून. नाचणारी माणसे त्यांना माणसे म्हणून दिसत नाहीत, ती पछाडलेली टोळी आहे, आणि तिच्यात पुरुषही आहेत, बायकाही आहेत. येथे कोल्विट्झ यांनी मुळाशी तीन बदल केले आणि प्रत्येक बदल विचारपूर्वक आहे. पुरुष जवळजवळ काढून टाकले. कादंबरीतला तो फिरता जमाव एका जागी आणला आणि त्याच्या मध्ये गिलोटिन रोवले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लुसीला काढून टाकले. चित्रात नाच पाहून घाबरलेली, सोवळी, सभ्य अशी एकही बाई नाही. कोणाच्या डोळ्यांतून पाहायचे हे सांगणारे कोणी उरलेले नाही. डिकन्सच्या वाचकाला भ्यायचे की नाही हे ठरवावे लागत नाही, लुसी ते त्याच्या वतीने करते. या चित्रासमोर उभ्या राहिलेल्याला ते काम स्वतः करावे लागते.

चौथा बदलही आहे, पण तो नकाशावरचा. चित्रातली घरे पॅरिसची नाहीत. लाकडी सांगाड्यांमध्ये विटा आणि चुना भरून बांधलेली, अंगावर झुकलेली, वरवर चढत गेलेली ही घरे उत्तर जर्मनीची, हॅम्बर्गच्या जुन्या गरीब वस्तीतल्या गल्ल्यांची आठवण देणारी आहेत. ज्या गल्लीतून फ्रेंच राज्यक्रांती पाहायची ती गल्ली जर्मन ठेवणे ही चूक नव्हे. ती जर्मन ठेवल्यामुळे क्रांती इतिहासाच्या पुस्तकातून उठून शेजारच्या आळीत येते. हॅम्बर्गच्या त्या वस्त्यांतून १८९२ मध्ये कॉलऱ्याने हजारो माणसे मेली होती, हे तेव्हाच्या जर्मन प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते.

आता माणसे. या बायका सुंदर नाहीत असे म्हणण्याचा मोह होतो, आणि सुंदर नाहीत म्हणून त्या भीषण आहेत असे पुढे जाऊन म्हणण्याचाही. अनेकांनी तसे म्हटलेही. पण कोल्विट्झ यांनी आयुष्याच्या उतारावर आपल्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल लिहिताना स्पष्ट केले आहे, की कामगारांची चित्रे काढायला त्या दयेपोटी लागल्या नव्हत्या, कामगारांचे वावरणे त्यांना सुंदर वाटत होते म्हणून लागल्या होत्या. बालपणीच्या क्यूनिग्सबर्ग बंदरातले हमाल, त्यांची अंगे, त्यांच्या हालचालीतली मोकळीक, याच्या तुलनेत मध्यमवर्गीय माणसे त्यांना फिकी वाटत. दया नंतर आली, १८९१ मध्ये लग्न होऊन त्या बर्लिनच्या प्रेंझ्लाउअर बेर्ग या कामगारवस्तीत राहायला आल्या आणि पती कार्ल यांच्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांच्या कहाण्या त्यांच्या कानावर पडू लागल्या तेव्हा. हा क्रम महत्त्वाचा आहे, आणि या चित्रात तो हातांवर दिसतो. वर गेलेल्या त्या दंडांकडे पाहावे : ते रागाने किंवा उन्मादाने फुगलेले नाहीत, ते धुणी पिळून, पाण्याच्या बादल्या उचलून, लाकडे फोडून तसे झालेले आहेत. अशा दंडांना वर जाण्याचे काम एरवी फक्त वाळत घालण्यापुरतेच मिळते. नाचात ते वर गेले आहेत, आणि कष्टाने झालेले स्नायू कष्टासाठी वापरले जात नाहीत, ही जी क्षणापुरती सुटी आहे ती पाहणाऱ्याच्या मनात हेव्याजवळ जाणारे काहीतरी जागे करते. मग नजर मध्यावर जाते.

मध्यावर उभे आहे ते यंत्र. चित्रातल्या सरळ रेषा घरांना आणि त्या यंत्राला दिल्या आहेत. बाकी जे काही आहे ते वाकलेले, झोकलेले, तिरपे आहे. घरांचे खांब आणि गिलोटिनचे खांब एकमेकांचे भाऊबंद वाटावेत इतके सारखे, आणि म्हणून असाही विचार मनात येतो, की या बायकांना चारही बाजूंनी जे कोंडते आहे त्याचाच एक तुकडा तोडून मध्ये उभा केला आहे. फेराचे सारे लक्ष आत आहे. चित्राबाहेर, पाहणाऱ्याकडे, कोणी पाहत नाही. कोणाला पाहुण्याची पर्वा नाही. युरोपीय चित्रकलेत बायकांचा समूह बहुधा नेमका उलटा असे. तीन लावण्यदेवता हात हातांत घेऊन उभ्या राहत, त्याही फेरातच, पण तो फेर अशा बेताने फिरवलेला असे की एक पाठमोरी, एक सामोरी, एक बाजूने, म्हणजे स्त्रीदेह सर्व बाजूंनी पाहण्याची सोय व्हावी. नदीवर न्हाणाऱ्या बायकांची चित्रे त्याच सोयीची. सेझान यांनी न्हाणाऱ्यांच्या देहांना झाडांच्या बुंध्यांसारखे केले आणि पिकासो यांनी १९०७ मध्ये ‘आव्हिन्योच्या तरुणीं’चे चेहरे मुखवट्यांसारखे फोडले, तेव्हा ती सोय मोडली, असे आधुनिक कलेच्या इतिहासात सांगतात आणि ते खरेच आहे. परंतु मोडण्याचा तो मार्ग आकाराचा होता. मॉडेल स्टुडिओतच राहिली आणि पाहणाऱ्याकडेच पाहत राहिली. कोल्विट्झ यांनी आकार मोडला नाही, बायकांची पाठ फिरवली.

यावरूनच हे चित्र आधुनिक म्हणावे की नाही, हा वाद निघतो. देहरचना शाळेत शिकवतात तशी बिनचूक, छायाप्रकाश एकोणिसाव्या शतकातला, कथानक कादंबरीतले : या निकषांवर ते निसर्गवादी चित्र आहे आणि अभिव्यक्तिवादी मंडळींनी पुढे जे केले त्याच्या उंबरठ्यावर ते थांबते, असे म्हणणारा समीक्षक चुकत नाही. पण आधुनिकता म्हणजे केवळ आकाराची मोडतोड असे मानले तर चित्रकलेचा इतिहास फारच स्वस्तात लिहून होतो. कोल्विट्झ यांनी रंग सोडून मुद्राचित्रण धरले तेच मुळी माक्स क्लिंगर यांचे चित्रकला आणि रेखन यांवरील १८९१ चे पुस्तक वाचून. क्लिंगर यांचे म्हणणे असे होते, की रंगचित्र जगाचे सौंदर्य सांगते आणि काळ्या-पांढऱ्या रेखनाला त्या जगाच्या काळ्या बाजूविषयी बोलण्याचा हक्क आणि मोकळीक आहे. या भूमिकेतून पाहिले तर काळा हा ‘कार्मान्योल’मध्ये रंगाचा अभाव नाही, निवड आहे, आणि अनेक प्रती छापून थोड्या पैशांत विकता येणारे माध्यम निवडणे ही त्याच निवडीची दुसरी बाजू आहे.

या पत्र्याच्या आधीचा आणि नंतरचा एकेक पत्रा शेजारी ठेवला, की फेराचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. १८९३ च्या फेब्रुवारीत गेरहार्ट हाउप्टमान यांच्या ‘विणकर’ या नाटकाचा खासगी प्रयोग पाहून कोल्विट्झ यांनी ‘विणकरांचे बंड’ ही सहा चित्रांची मालिका हाती घेतली. पहिली तीन चित्रे शिलामुद्रणात आहेत, ती अम्लरेखनात करण्याचे त्यांचे प्रयत्न फसले म्हणून; पुढची तीन अम्लरेखनात साधली. १८९८ मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात ती मांडली गेली, वयोवृद्ध चित्रकार मेन्झेल यांनी सुवर्णपदकाची शिफारस केली आणि सम्राट दुसरा विल्हेल्म याने ती फेटाळली. त्या मालिकेतल्या पाचव्या चित्रात कारखानदाराच्या लोखंडी फाटकावर जमाव धडकतो, आणि खाली बायका वाकून रस्त्यातले फरसबंदीचे दगड उखडत आहेत. तीच फरसबंदी ‘कार्मान्योल’मध्ये नाचणाऱ्यांच्या पायाखाली शाबूत आहे. आणि १९०२-०३ मध्ये, ‘शेतकऱ्यांचे युद्ध’ या पुढच्या मालिकेसाठी केलेल्या ‘उद्रेक’ या चित्रात काळी आना नावाची बाई पाठमोरी उभी राहून दोन्ही हात वर करते आणि शेतकऱ्यांचा लोंढा तिच्या अंगावरून पुढे सुटतो. हातांची भाषा तीच आहे, पण आना एकटी आहे आणि तिच्यापुढे दिशा आहे. ‘कार्मान्योल’मध्ये पुष्कळ जणी आहेत आणि दिशा नाही, फेर आहे. बंडाला दिशा असते आणि बंड जिंकल्यावर फेर सुरू होतो, इतके तरी या दोन चित्रांना एकमेकांशेजारी ठेवल्यावर दिसते. फेर म्हणजे जिंकलेल्यांचा आनंद की पुढे कुठे जायचे हे न कळलेल्यांची धाप, हे ‘कार्मान्योल’ सांगत नाही.

एक व्यावहारिक सूचना येथे करणे योग्य ठरेल. कोल्विट्झ यांचे तांब्याचे पत्रे पुढे प्रकाशकांकडे गेले, आधी ड्रेस्डेनच्या एमिल रिख्टर यांच्याकडे आणि नंतर आलेक्झांडर फॉन देर बेके यांच्याकडे, आणि प्रती वर्षानुवर्षे निघत राहिल्या. तांबे मऊ असल्याने छापता छापता ड्रायपॉइंटची ती उभी कड चेपते. म्हणून पत्र्यावर विजेच्या साहाय्याने पोलादाचा पातळ मुलामा चढवण्याची पद्धत आहे, त्याने पत्रा टिकतो पण छाप काहीशी कोरडी येते. संग्रहालयांत दिसणारी ‘कार्मान्योल’ची प्रत आरंभीची की नंतरची हे म्हणूनच पाहावे लागते : आरंभीच्या प्रतीत गल्लीतली हवा दाट असते आणि बायका तिच्यातून बाहेर येतात, नंतरच्या प्रतीत बायका तशाच असतात पण हवा विरळ होते, आणि चित्र अधिक स्पष्ट व कमी खरे वाटू लागते.

मुद्राचित्र पोस्टाने जाऊ शकते, आणि हे गेले. १९३६ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, चिनी लेखक लू शुन यांनी शांघायमध्ये कोल्विट्झ यांच्या एकवीस चित्रांचा संच स्वखर्चाने छापला, अवघ्या १०३ प्रतींचा, आणि गिलोटिनभोवतीचा हा नाच त्यात होता. भारतात चित्तप्रसाद आणि सोमनाथ होर या दोघा बंगाली कलावंतांच्या दुष्काळचित्रांची आणि मुद्राचित्रांची चर्चा कोल्विट्झ यांच्या नावाशिवाय सहसा होत नाही. त्यांतले चित्तप्रसाद १९४० च्या दशकातच मुंबईला आले आणि अंधेरीतल्या खोलीत बसून पुढची अनेक वर्षे लिनोवर कोरत राहिले. तरी त्यांनी कोल्विट्झ यांच्याकडून घेतले ते बहुतांशी आई आणि मूल, भूक आणि कवटाळणे; फेर धरून नाचणाऱ्या या बायका भारतीय मुद्राचित्रांत फारशा आल्या नाहीत. दुःखाचे समूह आपल्याकडे लवकर रुजतात, आनंदाने भयंकर झालेले समूह अवघड जातात.

कोल्विट्झ स्वतः मात्र त्या फेराकडे परतल्या. १९१४ च्या ऑक्टोबरात त्यांचा धाकटा मुलगा पेटर, वय वर्षे अठरा, स्वयंसैनिक म्हणून फ्लँडर्सच्या आघाडीवर गेला आणि काही दिवसांतच मारला गेला. युद्धावरची मालिका त्यांनी आधी अम्लरेखनातच सुरू केली. त्यात बायकांच्या समूहाचा, ‘मातां’चाही एक पत्रा होता. तो जमेना. मग १९१९ मध्ये तोच समूह त्यांनी शिलामुद्रणात काढला, रांगेत उभ्या, मुलांना धरून असलेल्या आया, आणि त्यांतली दोन मुलांना मिठीत घेतलेली बाई आपण स्वतः आहोत असे दैनंदिनीत नोंदले. तेही पुरे वाटले नाही. १९२० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात शिल्पकार एर्न्स्ट बार्लाख यांचे लाकूडठसे पाहिल्यावर त्यांनी तेजाब आणि सुई बाजूला ठेवून छिन्नी उचलली आणि १९२१-२२ मध्ये ‘युद्ध’ या मालिकेचे सात लाकूडठसे केले. लाकूडठशात अम्लरेखनाच्या उलट असते : जे कोरून काढले ते पांढरे राहते आणि जे लाकूड तसेच ठेवले ते काळे छापले जाते. म्हणजे काळा आधीच असतो, कलावंताने पांढरे शोधून काढायचे.

त्या मालिकेतल्या ‘माता’ या लाकूडठशात रांग मोडून फेर परत आला आहे. बायका आहेत, त्यांचे हात आहेत, हात आता वर नाहीत. ते एकमेकींच्या खांद्यांवरून, पाठींवरून गुंतले आहेत, आणि पाठी आत करून तोंडे बाहेर केलेली आहेत. येणाऱ्याला त्या पाहत आहेत. ‘कार्मान्योल’मध्ये फेराच्या मध्ये काय आहे हे लगेच कळते, येथे मध्य झाकलेला आहे, खाली, हातांच्या फटींतून, मुलांचे चेहरे तेवढे बाहेर डोकावतात. ढोल मात्र त्याच मालिकेत आहे, दुसऱ्या चित्रात, ‘स्वयंसैनिक’ नावाच्या. १९०१ मध्ये, पेटर पाच वर्षांचा असताना, गल्लीत बायकांसाठी ढोल बडवणारा एक पोरगा होता. वीस वर्षांनी ढोल मृत्यूच्या हातात आहे, त्याच्या मागे तरुण मुले तोंड वर करून धावत आहेत, आणि ढोल वाजवणाऱ्याला सर्वांत जवळ जो आहे, तो पेटर.